मान, पाठ आणि निकालाचा हंगाम: विद्यापीठ कार्यालयातल्या दुखण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. त्यानंतर पशुविज्ञानाचं आलं, विधी विद्यापीठ आलं, रामटेकला संस्कृत विद्यापीठ आलं. या सगळ्या ठिकाणी शिकवणाऱ्यांइतकाच मोठा वर्ग टेबलामागे बसून काम करणाऱ्यांचा आहे: आवक-जावक, आस्थापना, लेखा, परीक्षा, पात्रता, पदवी विभाग. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या वर्गातली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. तक्रारी त्याच असतात, प्रश्नही जवळपास तेच. ते इथे एकत्र केले आहेत. वाचा आणि शेजारच्या टेबलावरही पाठवा.

मान-पाठ दुखणं म्हणजे वयाचाच भाग ना? पन्नाशी आली की व्हायचंच.

नाही. पंचविशीतले डेटा एन्ट्री ऑपरेटर हीच तक्रार घेऊन येतात आणि साठीला टेकलेले कित्येक शेतकरी येत नाहीत. वयाने हाडा-सांध्यांत बदल होतात हे खरं, पण कार्यालयातल्या दुखण्याचं मोठं कारण कामाची रचना हे आहे. किती तास एका जागी, कोणत्या उंचीच्या टेबलावर, किती घाईत आणि मध्ये उठायची मुभा किती, यावर ते अवलंबून असतं. ‘वय झालं’ म्हटलं की टेबल-खुर्चीकडे कुणी बघतच नाही. म्हणून हा समज मला फार नुकसानीचा वाटतो.

पाठदुखी ही जगभरात माणसाला कामातून बसवणारी सगळ्यात मोठी तक्रार आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. तेव्हा तुमच्या एकट्याच्याच शरीरात काही खोट आहे, असं समजू नका.

दिवसभर बसूनच तर असतो. मेहनत कुठे आहे?

हा प्रश्न घरची माणसंही विचारतात, आणि तो ऐकून दुखणारा माणूस गप्प बसतो. उत्तर नीट समजून घ्या.

माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. ते मानेवर सरळ तोललेलं असलं की स्नायूंना फारसं काम पडत नाही. पण स्क्रीनकडे किंवा टेबलावरच्या फाइलकडे वाकलात की मानेच्या मागच्या आणि खांद्याच्या स्नायूंना ते वजन धरून ठेवावं लागतं. पोतं उचलताना स्नायू आवळतो आणि लगेच सुटतो. आवळण्या-सुटण्यात रक्त येतं-जातं. टायपिंग करताना खांद्याचा स्नायू थोडासाच आवळलेला असतो, पण तासन्‌तास सुटतच नाही. जोर कमी, पण विश्रांती शून्य. त्यातही त्याच त्या बारीक तंतूंवर सतत भार राहतो. संध्याकाळी खांद्यावर जी गाठ हाताला लागते, ती याच न सुटलेल्या स्नायूची.

कंबरेचंही तेच. बसल्यावर पाय आणि पोटऱ्या स्वस्थ असतात आणि पाठीचा खालचा भाग पुढे वाकून ताणलेला राहतो. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच. हालचालीने दाब कमी-जास्त होतो, तेव्हाच त्यांना पोषण पोचतं. न हलणं हे म्हणून खरोखरच शरीराला जड जातं.

म्हणजे ताठ बसलं की त्रास होणार नाही?

ताठ बसून चार तास काढलेत तरी दुखेलच. ‘बरोबर’ अशी एकच बैठक नसते. थोडं मागे रेलून बसा, मग सरळ बसा, मग उभे राहा, फोनवर बोलताना चार पावलं चाला. ‘नीट बस’ असं ऐकून आपण खांदे मागे खेचून, श्वास रोखून बसतो, ते तर आणखी थकवणारं. पाठ टेकवण्यासाठीच खुर्चीला पाठ असते, ती वापरा.

टेबल-खुर्ची कशी असावी? आमच्याकडे नवीन मिळायची शक्यता नाही.

नवीन मिळेल तेव्हा मिळेल. आधी आहे त्या टेबलाखाली बघा. तिथे काय काय असतं? सीपीयू, दोन वर्षांपूर्वीच्या अर्जांचे गठ्ठे, डब्याची पिशवी, वायरींचं जंजाळ आणि जुन्या लाकडी टेबलाची आडवी पट्टी. पाय ठेवायला जागाच नसते. मग माणूस गुडघे एका बाजूला वळवून बसतो आणि धड स्क्रीनकडे पिळतो. ही पिळलेली बैठक मी अनेक कार्यालयांत पाहिली आहे, आणि कंबरेच्या एकाच बाजूला दुखणाऱ्यांना मी सर्वात आधी टेबलाखालचाच प्रश्न विचारते. एका शनिवारी ती जागा रिकामी करा. यात एक रुपयाही लागत नाही.

मग उंची. आपल्याकडची बहुतेक टेबलं साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात. पाच फुटांच्या आसपास उंचीच्या व्यक्तीला ती उंच पडतात. कोपर टेबलाच्या खाली राहतं, त्यामुळे खांदे वर उचलून टाइप करावं लागतं. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्या, इतकी की खांदे सैल सोडले तरी कोपर की-बोर्डच्या पातळीला यावं. आता पाय लोंबकळतील. त्यांच्याखाली लाकडी पाट ठेवा. मांडीच्या मागचा भाग खुर्चीच्या कडेवर दाबला जाता कामा नये. गुडघ्याची मागची बाजू आणि खुर्चीची कड यांत दोन-तीन बोटं जावीत.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. मॉनिटर खाली असेल तर कागदाचे रिम कामी येतात. ए-फोरचा ५०० पानांचा रिम साधारण पाच सेंटीमीटर जाड असतो. एक ठेवा, दिवसभर काम करून बघा, कमी वाटलं तर दुसरा. स्टोअरमधून रिम मागताना लाजू नका. संपले तर लागतील तेव्हा काढून देता येतात.

ज्या कागदावरून बघून टाइप करता तो टेबलावर आडवा ठेवू नका. मान खाली-वर होण्याचं हे मोठं कारण आहे. मॉनिटरच्या शेजारी, उभा, कशाला तरी टेकवून ठेवा. माऊस की-बोर्डला चिकटून असावा, फाइलींच्या पलीकडे नाही.

खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पांढरा टॉवेल घसरून मांडीमागे येतो आणि पाठ अधांतरी राहते. टॉवेल हवाच असेल तर त्याची गुंडाळी करून कंबरेच्या खळग्यात ठेवा.

सेवा खिडकीवर बसणाऱ्यांचं काय?

त्यांचा त्रास वेगळाच. खिडकीचं भोक बुटकं, बाहेर विद्यार्थ्यांचा गलका, आत पंख्याचा आवाज. ऐकू यावं म्हणून कर्मचारी दर वेळी मान पुढे काढतो आणि एका कानाने ऐकतो. त्यात मोबाइल खांदा आणि कान यांच्यात दाबलेला. अशा टेबलाला दोनच उपाय आहेत: एक साधा माईक-स्पीकर, आणि दर दोन तासांनी माणूस बदलणं. स्थलांतर प्रमाणपत्राच्या खिडकीवर वर्षभर एकाच कर्मचाऱ्याला बसवणं त्याच्या मानेवर अन्याय आहे.

दुहेरी चष्मा लागल्यापासून मान जास्त दुखते. संबंध आहे का?

आहे. वाचण्याचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो, म्हणून स्क्रीन बघताना हनुवटी आपोआप वर जाते. अशांनी मॉनिटर उलट थोडा खाली घ्यावा, रिम काढून टाकावेत. नेत्रतज्ज्ञांना स्क्रीनचं अंतर सांगून फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा करून घेता आला तर उत्तमच.

लॅपटॉपवर काम करतो, त्याला काय करायचं?

वेगळा की-बोर्ड आणि माऊस जोडा, लॅपटॉप उंचावर ठेवा. लॅपटॉपची स्क्रीन वर घेतली की की-बोर्ड वर जातो, आणि की-बोर्ड खाली घेतला की मान वाकते. जोडणी केल्याशिवाय सुटका नाही.

मराठी टायपिंगने बोटं आणि मनगट दुखतं. इंग्रजीला इतकं होत नाही.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. इनस्क्रिप्ट या मराठी की-बोर्डच्या मांडणीत स्वर, मात्रा आणि हलन्त डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला आहेत. जोडाक्षर आलं की मध्ये हलन्त दाबावा लागतो, आणि ख, घ, थ, ध, भ सारख्या अक्षरांना शिफ्ट लागते. म्हणजे एका अक्षरामागे एकापेक्षा जास्त कळा, आणि शिफ्टचा सगळा भार करंगळीवर. ‘अर्हताप्राप्त’ किंवा ‘पुनर्मूल्यांकन’ दिवसातून कितीदा टाइप होतं ते आठवा. जे जुन्या टाइपरायटरवर शिकले, त्यांना कळ जोरात ठोकायची सवय असते. संगणकाला त्या जोराची गरजच नसते.

काही गोष्टी करून पाहा. एकाच हाताने शिफ्ट आणि अक्षर दोन्ही दाबू नका, शिफ्ट विरुद्ध हाताने दाबा. की-बोर्डच्या मागचे छोटे पाय बंद करा, त्यांनी मनगट वर मुडपतं. टाइप करताना मनगट टेबलाच्या धारेवर टेकवू नका. नेहमीची पत्रं, टिपण्या, आदेश यांचे साचे करून ठेवा आणि वारंवार येणारे शब्द आपोआप पूर्ण होतील अशी सोय करा. लांब मजकूर बोलून टाइप करण्याची सोय आता मराठीत बरीच बरी चालते. कच्चा मसुदा बोलून घ्यायचा आणि हाताने फक्त दुरुस्त करायचा, ही पद्धत मी मनगट दुखणाऱ्या प्रत्येकाला सुचवते.

किती वेळाने उठावं? उठलं की साहेब म्हणतात टेबलावर नसता.

अर्ध्या तासाने एकदा. मिनिट-दोन मिनिटं पुरतात. उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे वाकायचं, खांदे गोल फिरवायचे, खिडकीतून दूरचं झाड बघायचं. निमित्त कामातच शोधा: फाइल शिपायाकडे न देता स्वतः नेऊन द्या, प्रिंटर टेबलाजवळ नको, खोलीच्या टोकाला असू द्या, पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे भरायला उठावं लागेल.

साहेबांसाठी एक ओळ: दोन मिनिटं उठलेल्या माणसाचं काम मागे पडत नाही. दुखत्या मानेने केलेल्या गुणांच्या नोंदीत चुका होतात आणि त्या निस्तरायला दिवस जातो.

उन्हाळ्यात दुखणं वाढतं, हा भास आहे का?

नागपूरचा मे महिना कुणाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि कार्यालयात मोठा कूलर एका खिडकीत बसवलेला असतो. जो त्याच्यासमोर बसतो तो झोत चुकवायला मान आणि खांदे आक्रसून बसतो. जो लांब बसतो तो घामाघूम. झोताने स्नायू ‘खराब’ होत नाही, पण दिवसभर आक्रसलेला स्नायू दुखतोच. झोत माणसावर नको, भिंतीकडे किंवा मधल्या वाटेकडे वळवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. बाथरूम लांब किंवा अस्वच्छ असतं म्हणून, विशेषतः बायका, पाणी कमी पितात. मग उठणंही होत नाही. नागपूरच्या उन्हात हे धोक्याचं आहे, आणि सोबत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. ते पुढे सांगते.

निकालाच्या दिवसांत तर सगळ्यांचंच दुखतं. तेव्हा काय करायचं?

खरं दुखणं इथेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं काम वर्षभर एकसारखं नसतं. हिवाळी परीक्षा, उन्हाळी परीक्षा, मग निकाल, मग पुनर्मूल्यांकन, मग पदव्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि मुदत तीच राहिली, तर फरक कर्मचाऱ्याच्या पाठीतून भरून निघतो. उशिरापर्यंत थांबणं, रविवारी बोलावणं, जेवणाचा डबा टेबलावरच.

कामाचा ताण, मुदतीची धास्ती आणि ‘माझ्या हातात काहीच नाही’ ही भावना यांचा मान-खांद्याच्या दुखण्याशी संबंध आहे, हे जगभरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. ते दुखणं मनाचे खेळ नव्हेत. ताणात स्नायू आवळलेले राहतात, झोप तुटते, आणि झोप तुटली की त्याच दुखण्याची जाणीव वाढते. म्हणून निकालाच्या हंगामात नुसते मानेचे व्यायाम सांगून मला समाधान वाटत नाही. विभागप्रमुखांनी करायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: नोंदणी, पडताळणी आणि गठ्ठे लावणं ही कामं एकाच माणसाकडे सलग न देता दिवसात फिरवत ठेवा. जेवणाची सुट्टी टेबलापासून दूर घ्यायला लावा. सलग उशिरा थांबलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येऊ द्या. इतर विभागांतून तात्पुरती माणसं घ्यायची तर हंगाम सुरू होण्याआधी घ्या, कंबरडं मोडल्यावर नको.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलताना कमरेत उसण भरली. आता?

पहिले एक-दोन दिवस दुखेल तितकंच जपा, पण अंथरुणाला खिळू नका. घरातल्या घरात चालत राहा, शेक द्या. अशी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत, साधारण सहा आठवड्यांच्या आत, बरीच निवळते.

उचलण्याबद्दल: अगदी आदर्श स्थितीतही, म्हणजे ओझं अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, न वळता, कधीतरीच उचलायचं असेल तेव्हा, २३ किलो ही वरची मर्यादा मानली जाते. जमिनीवरून, हात लांब करून, दिवसभर उचलायचं तर मर्यादा त्याहून कितीतरी खाली येते. शिपाई काका दोन गठ्ठे एकदम छातीशी धरून जिना चढतात, कारण लिफ्ट बंद असते. हे त्यांच्या ताकदीचं कौतुक करण्यासारखं नाही, थांबवण्यासारखं आहे. चाकांची ट्रॉली द्या. गठ्ठे बांधतानाच लहान बांधा. जड गठ्ठे रॅकच्या मधल्या कप्प्यात, हलके सगळ्यात वर आणि खाली. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका.

रात्री हाताला मुंग्या येतात, झटकावा लागतो. मानेचं आहे की मनगटाचं?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यातच मुंग्या असतील, रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुधा मनगटातली नस दबलेली असते. करंगळीकडे मुंग्या असतील तर कोपराकडे बघावं लागतं. मानेपासून सगळ्या हातात कळ उतरत असेल तर मानेकडे. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही मनगटाची नस दबते, म्हणून रक्त तपासून घ्या. शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता असली तरी मुंग्या येतात, पण त्या बहुधा दोन्ही पायांतही असतात.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे लावल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट दिसू लागला किंवा हातातून पेन, कप निसटू लागला, तर थांबू नका. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार वेळेवर व्हावा लागतो.

हात मागे जात नाही, खांदा जखडलाय. माऊसमुळे?

माऊसला दोष देण्याआधी साखर तपासा. जखडलेला खांदा चाळिशी ते साठीत, आणि मधुमेहींमध्ये बराच जास्त दिसतो. बरा व्हायला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. तोवर हलवत राहणं आणि रात्रीचं दुखणं आटोक्यात ठेवणं, हाच मार्ग.

एमआरआयमध्ये ‘मणक्यात गॅप’ आलाय. आता जन्मभर जपायचं का?

‘गॅप आला’ हे ऐकून माणसं खचतात, वाकणं सोडतात, नातवाला उचलणं सोडतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे अहवाल तपासले, तेव्हा पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आणि ६० टक्क्यांच्या आसपास लोकांत फुगवटा आढळला. विशीतही तिघांत एकाच्या चकत्यांत झीज दिसते. केस पिकावेत तसं हे आहे. चित्रात दिसतं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही, आणि दुखणं गेल्यावरही चित्र तसंच राहू शकतं. पुढे दिलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची घाई करू नका. पैसे वाचतील आणि भीतीही.

पट्टा, कॉलर, मालिश, कटिंगच्या दुकानात मान मोडून घेणं?

पट्टा प्रवासापुरता, काही दिवस. महिनोन्‌महिने लावला की स्नायू आळशी होतात. कॉलरचंही तसंच. हलकी मालिश आणि शेक यांनी तात्पुरतं बरं वाटतं, करायला हरकत नाही. पण झटका देऊन मान कडकन मोडून घेऊ नका, कुणाकडूनही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. फुकट मिळतं म्हणून हा धोका पत्करायचा नाही.

मेडिकल स्टोअरमधून दुखण्याची गोळी घेऊन काम चालवतो. चालेल?

एखाद-दोन दिवस चालेल, सवय नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात, पोटात जखम करू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी असताना हा धोका वाढतो. बीपीची औषधं, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. चिठ्ठीशिवाय ‘ताकदीची’ म्हणून दिलेल्या पुडीत स्टिरॉइड असू शकतं, ती नाकारा.

योगासनं करू की चालू? फुटाळ्यावर फिरायला जातो, पुरेसं आहे का?

फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, जिथे जमेल तिथे चाला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमसास लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं २०२० चं प्रमाण आहे. गप्पा मारत रमतगमत फिरणं मनाला चांगलं, पण वेग थोडा वाढवा.

योगाने जुनाट कंबरदुखीत काहीसा फायदा होतो. मार्जारासन, भुजंगासन, ताडासन बहुतेकांना चालतात. पायात कळ उतरत असेल तर पुढे वाकण्याची आसनं आणि वेगातले सूर्यनमस्कार थांबवा. मानेचा त्रास असेल तर शीर्षासन, हलासन नको. सकाळचा व्यायाम केला म्हणून पुढचे आठ तास बसलेले माफ होत नाहीत, कार्यालयात उठणं वेगळं करायचंच आहे.

घर ते कार्यालय दुचाकीवर लांबचा प्रवास असेल तर तोही मोजा. खड्डे आणि सिमेंट रस्त्यांचे जोड यांचे हिसके कंबरेला लागतात. टायरमध्ये हवा प्रमाणात ठेवा, शॉकअप तपासा. मेट्रो सोयीची पडत असेल तर स्टेशनपर्यंतचं चालणंही पदरात पडतं.

बायकांचं जास्त दुखतं, नाजूक असतात म्हणून?

नाजूकपणाचा संबंध नाही. टेबल-खुर्च्या पुरुषी उंचीला धरून केलेल्या असतात. विभागात टायपिंगचं एकसुरी काम बरेचदा बायकांकडेच येतं. घरी गेल्यावर पोळ्या, धुणं, मुलांचा अभ्यास ही दुसरी पाळी उभी असते, त्यामुळे दुपारी थकलेल्या खांद्याला रात्रीपर्यंत सुट्टी नाही. घरातल्यांनी कणीक मळून दिली तरी मनगटाला फरक पडतो, हे मी नवऱ्यांना समोर बसवून सांगते.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जायचं?

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलत नाही किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होतेय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी आकस्मिक विभागात जा. पडल्यानंतर, तापासोबत, वजन घटत असताना किंवा पूर्वी कर्करोग झालेला असताना पाठ दुखत असेल, तरीही लवकर दाखवा. चालताना तोल जाणं आणि हातांची बारीक कामं अचानक अवघड होणं ही मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याची खूण असू शकते.

डावा हात, खांदा किंवा जबडा दुखतोय आणि सोबत घाम, धाप, छातीत दडपण आहे, तर ‘बसून बसून आखडलं असेल’ म्हणू नका. थेट इस्पितळ गाठा.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे अस्थिरोग विभाग आहेत. गर्दी असते, पण खर्च खाजगीच्या मानाने फार कमी.

साहेबांना सांगायचं कसं? एकट्याने सांगितलं की ‘कामचुकार’ ठरतो.

म्हणून एकट्याने सांगू नका. दुखण्याची पाहणी करायला १९८७ पासून एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते, नॉर्डिक प्रश्नावली. शरीराचे नऊ भाग आणि तीन मुख्य प्रश्न: गेल्या १२ महिन्यांत दुखलं का, त्यामुळे नेहमीचं काम अडलं का, गेल्या ७ दिवसांत दुखलं का. विभागातल्या सगळ्यांनी नाव न लिहिता ती भरा. बेरीज करून टिपणीला जोडा. ‘मला दुखतं’ याऐवजी ‘विभागातल्या इतक्यांना मानेचा त्रास आहे’ असं कागदावर आलं की फाइल पुढे सरकते.

टिपणीत मागणी नेमकी करा. ‘चांगल्या खुर्च्या’ असं लिहिलं तर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर स्वस्तातलं काहीही येईल. उंची कमी-जास्त होणारी, पाठीला कंबरेचा आधार असलेली, हात टेकायची जागा वर-खाली होणारी आणि कामाच्या खुर्च्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १७६३१, असं लिहा. पायपाट, मॉनिटर स्टँड आणि ट्रॉली हे स्वतंत्र बाबी म्हणून मागा. खुर्च्यांचा प्रस्ताव रखडला तरी या लहान वस्तू विभागाच्या किरकोळ खर्चात बसण्यासारख्या असतात.

चालण्या-हलण्याचं दिव्यांगत्व प्रमाणित असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे कामाच्या जागी योग्य सोयी मिळणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी विनवणी करायची गरज नाही.

मी एजन्सीमार्फत कंत्राटी आहे. रजा घेतली तर पैसे कापतात, म्हणून दुखणं सांगत नाही.

दुखणं लपवणाऱ्यांत तुमच्यासारखेच सर्वात जास्त असतात, आणि उपचाराला सर्वात उशिरा तेच येतात. आधी पगाराची पावती बघा. तुमचं वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि एजन्सी कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेली असेल, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के वर्गणी कापली जात असणार. ती कापली जात असेल तर विमा क्रमांक मागून घ्या. त्यावर तुम्हाला आणि कुटुंबाला सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळतात. आवश्यक तेवढी वर्गणी भरलेली असेल आणि विमा डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम आजारपण लाभ म्हणून मिळू शकते. वर्गणी कापूनही क्रमांक दिला जात नसेल, तर एजन्सीला लेखी विचारा आणि त्या पत्राची प्रत विभागप्रमुखांच्या आवकमध्ये देऊन पोच घ्या.